फोन जोडला, जीपीएस तुटला

घरी फोन उघडून बॅटरी किंवा स्क्रीन बदलणाऱ्यांची तपासणी ठरलेली असते. फोन सुरू होतो का, कॉल लागतो का, समोरच्याला आवाज जातो का, कॅमेरा उघडतो का, चार्जिंग घेतं का. एवढं झालं की मागचं पॅनल चिकटवायचं आणि हात झटकायचे. जीपीएस या यादीत नसतो, कारण घराच्या छताखाली तो नीट तपासताच येत नाही. मग चार दिवसांनी बाहेर पडल्यावर कळतं की नकाशावरचा निळा ठिपका पलीकडच्या गल्लीत उभा आहे, वळण मागे पडल्यावर नकाशातली बाई ‘आता डावीकडे वळा’ म्हणते आहे, आणि सकाळच्या पळण्याची रेघ थेट इमारतींच्या आरपार गेली आहे. दुकानातून दुरुस्त केलेल्या फोनचंही असंच होतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या गाळ्यात तिन्ही बाजूंना भिंती आणि वर पोटमाळा. तिथे कारागीर कितीही हुशार असला तरी त्याला आकाश दिसत नाही, म्हणून फोनलाही उपग्रह दिसत नाहीत.

यानंतर लोक जे करतात ते बहुतेक वाया जातं. कॅश पुसणं, फॅक्टरी रीसेट मारणं, ‘जीपीएस बूस्टर’ नावाचं ॲप उतरवणं. ही ॲप्स फार तर उपग्रह शोधायला मदत करणारी साठवलेली माहिती पुसून नवी मागवतात. अँटेना ताकदवान करणं कुठल्याही ॲपच्या हातात नाही. आणि सरळ विचार केला तरी लक्षात येईल की दुरुस्तीच्या आदल्या दिवशी जे सॉफ्टवेअर होतं तेच दुसऱ्या दिवशी आहे. बदलली ती आतली जोडणी. तेव्हा दोष जिथे हात लागला तिथेच शोधायचा, आणि तो बहुतेक वेळा एखाद्या मिलिमीटरभर स्प्रिंगचा किंवा विसरलेल्या स्क्रूचा असतो.

पण मग कॉल, वायफाय, ब्लूटूथ सगळं व्यवस्थित असताना एकटा जीपीएसच का जातो?

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि काही डझन वॅट एवढ्याच ताकदीने संदेश पाठवतात. तो संदेश एका सेकंदाच्या चौदाव्या-पंधराव्या भागात खाली पोहोचतो, पण पोहोचेपर्यंत पृथ्वीच्या फार मोठ्या भागावर पसरलेला असतो. फोनच्या वाट्याला येतं ते साधारण उणे १३० डीबीएम. वॅटमध्ये लिहायचं तर दशांश चिन्हापुढे पंधरा शून्यं आणि मग एक. मोबाइल टॉवरचा संदेश उणे ९० डीबीएम मिळाला तर आपण रेंज बरी आहे म्हणतो. या दोहोंत ४० डेसिबलचं अंतर आहे आणि दर १० डेसिबलला दहापट या हिशेबाने टॉवरचा संदेश दहा हजारपट मोठा होतो. शिवाय टॉवरशी फोनचं दोन्ही बाजूंनी बोलणं चालतं. ऐकू कमी आलं तर टॉवर जोर वाढवतो, फोनही वाढवतो, नाही जमलं तर शेजारच्या टॉवरकडे जातो. उपग्रहाला मात्र खाली कोण ऐकतंय याचा पत्ताच नसतो. तो सगळ्यांना सारखंच सांगत राहतो.

अजून गंमत पुढे आहे. रिसीव्हरमधल्या इलेक्ट्रॉनांच्या उष्णतेमुळे जी खरखर असते, तीच या संदेशापेक्षा सत्तर-ऐंशी पट मोठी असते. म्हणजे जीपीएसचा संदेश नुसता बारीक नाही, तो गोंगाटाच्या तळाशी बुडालेला आहे. तरी तो सापडतो, कारण प्रत्येक उपग्रहाचा १,०२३ टप्प्यांचा एक ठरावीक सांकेतिक क्रम असतो, तो दर मिलिसेकंदाला पुन्हा पुन्हा येतो आणि फोनला तो आधीपासून पाठ असतो. एसटी स्टँडच्या गलक्यात भोंग्यावरचं बाकी काही कळत नाही, पण आपल्या गावचं नाव बरोबर कानावर पडतं, तसंच हे. फोन आपल्याकडचा क्रम आणि आलेली खरखर एकमेकांवर सरकवत, बेरीज करत राहतो आणि जुळला की त्याला उपग्रह मिळतो. असे निदान चार मिळाले की जागा आणि अचूक वेळ दोन्ही काढता येतात.

एवढी कसरत करून मिळणाऱ्या संदेशात वाया घालवायला काहीच शिल्लक नसतं. मोबाइलच्या अँटेनाचा स्पर्श बिघडून १० डेसिबल गेले तर शहरात एखादी रेघ कमी होते आणि कुणाचं लक्षही जात नाही. जीपीएसचे १० डेसिबल गेले तर उघड्या मैदानात तो कसाबसा चालतो आणि दोन इमारतींच्या मध्ये बसतो. म्हणून मी जीपीएसला दुरुस्तीची खरी परीक्षा मानतो. फोन आतून नीट जोडला गेला की नाही, हे तो कॉल आणि वायफायच्या किती तरी आधी सांगतो.

बिघाडाचं रूपही लक्षात घेण्यासारखं आहे. ‘एकदा लागला की चालतो, पण लागायलाच फार वेळ घेतो’ ही तक्रार नेहमीची. त्याचं कारण असं की आधीच सापडलेल्या उपग्रहाचा माग धरून राहायला बारीक संदेशही पुरतो, पण उपग्रह स्वतः नेमका कुठे आहे ही माहिती त्याच्याच संदेशातून वाचायची तर संदेश बऱ्यापैकी ठळक लागतो. ही माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या गतीने येते, तिचं एक आवर्तन ३० सेकंदांचं, आणि सर्व उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटं लागतात. मध्येच संदेश तुटला तर तो तुकडा पुढच्या आवर्तनात पुन्हा पकडायचा. शहरात हा दोष झाकला जातो, कारण फोन ही माहिती इंटरनेटवरून क्षणात उतरवून घेतो. तोच फोन घेऊन हरिश्चंद्रगडाच्या वाटेला लागा. खोऱ्यात उतरल्यावर नेटवर्क जातं, मदतीची माहिती बंद होते आणि मग कमजोर अँटेना असलेला फोन तासभर शोधत बसतो. ट्रेकला जाण्यापूर्वी बॅटरी बदललेली असेल तर ही तपासणी गावातच करून घेतलेली बरी.

आता अँटेनाकडे येऊ. जीपीएसची मुख्य लहर, एल१, १५७५.४२ मेगाहर्ट्झची, म्हणजे लांबी सुमारे १९ सेंटिमीटर. तिच्या चौथ्या हिश्शाएवढी, पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपासची धातूची पट्टी तिच्याशी चांगली जुळते; फोनमध्ये ती वळवून, दुमडून आणखी छोटी करतात. जुन्या गाडीतल्या नेव्हिगेशन यंत्रात यासाठी चिनी मातीसारख्या सिरॅमिकची चौकोनी वडी असायची आणि ती आकाशाकडे तोंड करून बसवलेली असायची. फोनमध्ये तेवढी जागाच नाही. तिथे अँटेना म्हणजे मधल्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर छापलेली तांब्याची नक्षी, चिकटवलेली लवचीक पट्टी, किंवा चक्क फोनची धातूची कडा. त्यात उपग्रहाची लहर फिरकी घेत येते आणि फोनची पट्टी सरळ लहरीसाठी बनलेली असते, त्यामुळे अर्धी ताकद तिथेच जाते. म्हणजे कंपनीतून बाहेर पडतानाच फोनचा जीपीएस काठावर पास झालेला असतो.

कडेचाच अँटेना करण्याची कल्पना गाजली ती २०१० च्या आयफोन ४ मुळे. त्याच्या स्टीलच्या पट्टीत फटी पाडून एक भाग मोबाइलच्या संदेशासाठी आणि दुसरा वायफाय, ब्लूटूथ व जीपीएससाठी ठेवला होता. हाताने फट झाकली की रेंज पडते म्हणून त्यावर्षी मोठा गदारोळ झाला आणि ॲपलने लोकांना फुकट बंपर वाटले. आजच्या बहुतेक महागड्या फोनांच्या कडेला ज्या बारीक प्लॅस्टिकच्या रेघा दिसतात, त्या शोभेसाठी नाहीत. त्या कडेचे वेगवेगळ्या अँटेनांमध्ये केलेले तुकडे आहेत. कडेला आपटून पोचा पडला किंवा नवी चौकट बसवली तर त्या रेघांजवळ काय झालं हे आधी पाहावं.

ही नक्षी किंवा कडा मुख्य बोर्डाला सोल्डरने जोडलेली नसते. बोर्डावर सोनेरी मुलामा दिलेल्या चिमुकल्या स्प्रिंगा असतात, त्या समोरच्या पट्टीवरच्या सोनेरी ठिपक्याला दाबून टेकतात. बस्स, एवढाच संबंध. स्प्रिंगची हालचाल जेमतेम मिलिमीटरभर, किंवा त्याहूनही कमी. मागचं पॅनल उघडताना प्लॅस्टिकची पिक आडवी गेली की ती चपटी होते, बाजूला वाकते किंवा तुटून पडते. जुना गोंद ठिपक्यावर राहिला तर स्पर्शच होत नाही. नवी बॅटरी मूळ बॅटरीपेक्षा किंचित जाड निघाली, किंवा कडेचा गोंद जाड लागला, तर पॅनल बसल्यासारखं दिसतं पण स्प्रिंग हवेत राहते.

मात्र पुन्हा फोन उघडण्याआधी बाहेर जावं. गच्ची किंवा मैदान, डोक्यावर मोकळं आकाश, कव्हर काढलेलं. गाडीतल्या चुंबकी स्टँडसाठी फोनच्या मागे लोखंडी चकती चिकटवली असेल तर ती आधी काढा. कित्येकांचा ‘दुरुस्तीनंतरचा बिघाड’ नव्या कव्हरासोबत आलेल्या चकतीतच असतो. बॅटरीची जोडणी सुटली होती म्हणून फोनची जुनी उपग्रह-माहिती शिळी किंवा रिकामी झालेली असू शकते, तेव्हा पहिल्या खेपेला पंधरा मिनिटं द्यावीत. त्यानेच काम भागलं तर मग बिघाड नव्हताच. परवानग्याही पाहाव्यात: अँड्रॉइड १२ आणि आयओएस १४ पासून प्रत्येक ॲपला नेमकी जागा द्यायची की अंदाजे, हे वेगळं ठरवता येतं. अंदाजे निवडलं असेल तर ठिपका पलीकडच्या गल्लीतच दिसणार. बॅटरी-बचतीचा मोडही स्क्रीन बंद झाल्यावर जागा शोधणं थांबवू शकतो. आणि ठिपका बरोबर जागी आहे पण बाण उलटीकडे तोंड करून आहे, असं असेल तर तो होकायंत्राचा प्रश्न आहे. चुंबकी टोकाच्या स्क्रूड्रायव्हरने किंवा नव्या स्पीकरमधल्या चुंबकाने बाण भरकटतो. फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवला की बहुधा ताळ्यावर येतो.

यापलीकडे नकाशावर विश्वास ठेवू नये. नकाशातला ठिपका एकट्या जीपीएसचा नसतो. आजूबाजूचे वायफाय आणि टॉवर बघूनही फोन अंदाज बांधतो, म्हणून जीपीएस मेलेला असला तरी घरात बसून ठिपका इमारतीवर दिसतो. खरं पाहायचं तर जीपीएसटेस्टसारखं उपग्रहांची यादी देणारं ॲप अँड्रॉइडवर घ्यावं. त्यात प्रत्येक उपग्रहापुढे संदेशाची ताकद डीबी-हर्ट्झमध्ये येते. मोकळ्या आकाशाखाली वरच्या काही उपग्रहांचे आकडे चाळिशीत किंवा पस्तिशीच्या पुढे असतील तर अँटेना ठणठणीत आहे, दोष दुसरीकडे शोधा. सगळेच पंचविशीच्या खाली रेंगाळत असतील तर स्पर्श गेला आहे. यादीत वीस-पंचवीस उपग्रह दिसले म्हणून हुरळू नये. पुढे आकडा नसेल तर तो उपग्रह फोनने ऐकलेला नाही, वेळापत्रकावरून तिथे असायला हवा एवढंच त्याचं म्हणणं आहे. आयफोनवर ॲप्सना ही यादी मिळत नाही. तिथे विमान मोड लावून, वायफायही बंद करून, मैदानात निळ्या ठिपक्याभोवतीचं वर्तुळ किती आक्रसतं आणि किती वेळात, एवढ्यावरच भागवावं लागतं.

माझ्या मते सर्वांत उपयोगी चाचणी सगळ्यांत साधी आहे. आकडे समोर ठेवून फोनच्या मागच्या पॅनलवर, वरच्या भागात, कॅमेऱ्याच्या आसपास बोटाने एकेका ठिकाणी दाबून पाहायचं आणि बोट लगेच काढायचं. हात अडवतो म्हणून आकडे खरं तर उतरायला हवेत. ते उलट पाच-दहाने चढले तर स्प्रिंग टेकत नाही हे सिद्ध झालं, आणि कुठली टेकत नाही हेही कळलं. दुसरी खूण वायफायची. अनेक फोनांत जीपीएस आणि वायफाय-ब्लूटूथ एकाच अँटेनावर चालतात. राउटर दुसऱ्या खोलीत असताना वायफायही पूर्वीपेक्षा ढिला झाला असेल तर सामायिक अँटेनाचा संबंध तुटला असं धरून चालावं. तिसरी खूण नव्या फोनांची: २०१८ नंतरचे बरेच फोन ११७६.४५ मेगाहर्ट्झची एल५ लहरही ऐकतात, जिच्यावर इस्रोच्या नाविक या दिशादर्शन यंत्रणेचे उपग्रहही बोलतात. यादीत एल१ दिसतो आणि पूर्वी येणारा एल५ साफ गायब, असं असेल तर दोन वेगळ्या स्पर्शांपैकी एकच सुटला असण्याची शक्यता मोठी.

आकडे सुरुवातीला चांगले आणि स्क्रीनचा उजेड पूर्ण केला की पडतात, असंही होतं. इथे अँटेना निर्दोष असतो. शेजारी कुणीतरी गोंगाट करत असतो. दुकानदार ज्याला फोल्डर म्हणतात त्या स्वस्त डिस्प्लेची पट्टी नीट आवरलेली नसेल तर तीच बारीक रेडिओलहरी सोडते. मूळ डिस्प्लेच्या पट्टीवर तांब्याची किंवा काळ्या कापडासारखी वीजवाहक टेप असते, बोर्डावर धातूची झाकणं असतात. उघडताना टेप फाटली की ती फेकून दिली जाते, कारण तिच्याविना फोन चालू होतो. ती पुन्हा लावायची असते. असाच गोंगाट गाडीतला स्वस्त चार्जर किंवा डॅशकॅमही करतो, तेव्हा दोष फोनवर ढकलण्याआधी ते काढून पाहावं.

आता फोन उघडायचा. बंद करून, चार्ज कमी ठेवून, आणि आत गेल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी काढून. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा, तिला पातं लावू नका. मॉडेलचं नाव देऊन आयफिक्सिट या संकेतस्थळावरचे दुरुस्तीचे फोटो शोधून ठेवावेत आणि ते आतल्या दृश्याशी ताडून पाहावेत. कुठे स्प्रिंग होती आणि आता नाही हे फोटोतच पटकन दिसतं. जीपीएसचा अँटेना बहुधा वरच्या टोकाला असतो, कारण फोन धरताना हात खाली असतो. तिथल्या स्प्रिंगा भिंगाखाली एकमेकींशी तुलना करून पाहा. चपटी झालेली स्प्रिंग बारीक टोकाच्या चिमट्याने, तिच्या वळणाच्या आतून, केसभर वर उचलायची. जोर केला तर ती मोडते आणि मग सोल्डरिंगशिवाय गत्यंतर नाही. ठिपके ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. पेन्सिलचा खोडरबर वापरायची जुनी रीत आहे, पण मुलामा इतका पातळ असतो की चार घासांत सोनं जातं. खाली उरलेला धातू मग कोकणच्या पावसाळी, खारट हवेत हिरवा पडतो आणि वर्षभरात तोच रोग पुन्हा येतो.

स्क्रूकडे लोक दुर्लक्ष करतात आणि तिथेच फसतात. बोर्डावरच्या पत्र्याचा एखादा स्क्रू पत्रा धरण्यासाठी नसतो, तर अँटेनाची जमीन, म्हणजे ग्राउंड, बोर्डाला जोडण्यासाठी असतो. तो राहिला तरी पत्रा हलत नाही, फोन चालतो, पण अँटेनाचं जुळवलेलं माप बिघडतं आणि तो १५७५ वर नीट वाजत नाही. उरलेला एक स्क्रू डबीत टाकून ‘बसला की सगळं’ म्हणणाऱ्यांचा जीपीएस म्हणूनच जातो. उलट, छोट्या स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळला तर तो बोर्डाच्या आतल्या तारा चिरतो, आणि ते नुकसान घरी भरून निघत नाही. नवी चौकट बसवली असेल तर स्क्रूभोवतीचा आणि स्प्रिंगसमोरचा धातू उघडा आहे ना ते पाहावं. ॲल्युमिनियमवरचा रंगीत थर वीज वाहू देत नाही, म्हणून मूळ चौकटीत नेमक्या जागी तो खरवडून काढलेला असतो. नकली चौकटीत ही जागा कधीकधी रंगाखाली तशीच राहते. काळी बारीक गोल तार आणि तिच्या टोकाची टिचकीसारखी बसणारी टोपी दिसली, तर ती सरळ वरून अंगठ्याने दाबावी आणि काढताना ओढू नये. या जातीची जोडणी सुमारे ३० वेळाच काढ-घाल सोसेल अशा हिशेबाने बनवलेली असते.

एक जुगाड फार लोकप्रिय आहे: स्प्रिंगवर ॲल्युमिनियमच्या फॉइलची घडी ठेवून उंची वाढवायची. लगेच फरक पडतो, हे खरं. पण घडी सरकली तर शेजारच्या दोन ठिपक्यांना जोडून बसते आणि बॅटरीजवळ असलं भटकं फॉइल मला तरी नको वाटतं. उंची कमीच पडत असेल तर ठिपक्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे प्लॅस्टिकखाली, पातळ फोमचा तुकडा लावावा. दाब वाढतो आणि धातू कुठे मोकळा फिरत नाही.

गोंद लावण्याआधी बॅटरी जोडून, पॅनल नुसतं रबरबँडने धरून, त्याच मैदानात पुन्हा आकडे पाहावेत. उपग्रह आकाशात सरकत असतात, त्यामुळे एकाच उपग्रहाचा आकडा जुळवत बसण्यात अर्थ नाही. वरच्या चार-पाच उपग्रहांची सरासरी दहाएकाने वाढली असेल तर पॅनल चिकटवायला हरकत नाही. काहीच फरक नसेल, आणि स्प्रिंगा, स्क्रू, टेप सगळं जागेवर असेल, तर संशय बोर्डाकडे जातो. अँटेनानंतर लगेच एक गाळणी आणि एक अतिसूक्ष्म संदेश फुगवणारा भाग असतो. पॅनल सैल करताना हीट गनचा झोत एकाच जागी धरला तर आजूबाजूचं सोल्डर सुटू शकतं. हे काम सूक्ष्मदर्शकाखाली बोर्ड दुरुस्त करणाऱ्याचं. त्याला फोन देताना ‘नकाशा चालत नाही’ एवढंच न सांगता मोकळ्या आकाशाखालचे आकडे आणि आपण काय काय उघडलं ते सांगावं, म्हणजे तो सॉफ्टवेअर मारून फोन परत देणार नाही. फोन जुना असेल आणि बोर्डावर खर्च करण्यासारखा नसेल, तर ब्लूटूथवर चालणारा वेगळा जीपीएस रिसीव्हर मिळतो; अँड्रॉइडवर एका छोट्या ॲपच्या मदतीने तो फोनच्या जीपीएसची जागा घेतो, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर काचेजवळ ठेवला तर फोनच्या मूळ अँटेनापेक्षा सरस चालतो.